वाचायचे आधी, की मोजायचे?

२००९च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, नवउद्योगांना हात देणाऱ्या ड्रीमइट व्हेंचर्स या संस्थेच्या आधाराने पार्सली नावाची एक छोटी कंपनी सुरू झाली. सचिन कामदार आणि अँड्र्यू मॉन्टालेंटी हे तिचे संस्थापक. त्यांचे पहिले उत्पादन होते बातम्या वाचण्याचे सॉफ्टवेअर. वाचक काय वाचतो ते ओळखायचे आणि इंटरनेटवरच्या ढिगाऱ्यातून त्याच्या कामाचे तेवढे त्याच्यापुढे ठेवायचे, अशी त्याची कल्पना होती. ते उत्पादन फार काळ चालले नाही. मजकूर समजून घेण्याचे तेच तंत्र बरोबर घेऊन कंपनी काही वर्षांतच वाचकाकडून प्रकाशकाकडे वळली आणि कोणता लेख किती वाचला गेला, कोणत्या विषयाला वाचक आहे, हे संपादकांना सांगू लागली. २०२१च्या फेब्रुवारीत वर्डप्रेस डॉट कॉमची मालक असलेल्या ऑटोमॅटिकने ती विकत घेतली, तेव्हा तिची ओळख केवळ प्रकाशकांचे मोजणी-साधन एवढीच होती.

सॉफ्टवेअरच्या याद्यांमध्ये ही दोन प्रकारची साधने आजही शेजारी-शेजारी मांडलेली असतात. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या छोट्या पोर्टलांपुढे, साप्ताहिकांच्या डिजिटल आवृत्त्यांपुढे आणि एकट्याने बातमीपत्र चालवणाऱ्या पत्रकारांपुढे मग प्रश्न उभा राहतो, पैसे थोडे आहेत, तर ते कशावर घालावेत? वाचनाचे सॉफ्टवेअर बाहेरचे जग आपल्या टेबलावर आणते. मोजणीचे सॉफ्टवेअर आपण बाहेर पाठवलेल्या मजकुराचे पुढे काय झाले ते सांगते. दोन्ही उपयोगाची आहेत. पण आपल्याकडे दुसऱ्याचा बोलबाला इतका झाला आहे की पहिल्याची आठवणच राहिलेली नाही, आणि त्याची किंमत बातमीला मोजावी लागते आहे. म्हणून हा आढावा.

वाचनाच्या सॉफ्टवेअरचा पाया म्हणजे फीड. मार्च १९९९मध्ये नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी आरएसएस या मांडणीची पहिली आवृत्ती तयार केली. गुहा हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. कल्पना अगदी साधी होती. संकेतस्थळाने आपल्या नव्या मजकुराची एक यादी ठरावीक साच्यात ठेवायची. त्यात मथळा, दुवा, थोडका गोषवारा आणि प्रसिद्धीची वेळ एवढेच असते. वाचकाचे सॉफ्टवेअर थोड्या-थोड्या वेळाने ती यादी पाहून येते आणि नवे काही असेल तर दाखवते. डेव्ह वायनर यांनी २००२मध्ये आरएसएस २.० आणले आणि वर्तमानपत्रांनीही हा साचा उचलला. त्यात वाचकाची नोंदणी लागत नाही, ई-मेल द्यावा लागत नाही, आणि कोणत्या बातमीला वर ठेवायचे हे तिसरे कोणी ठरवत नाही. ज्या क्रमाने छापले त्या क्रमाने समोर येते. या शेवटच्या गुणाचे मोल आज मला सर्वांत जास्त वाटते.

ऑक्टोबर २००५मध्ये गुगल रीडर आले आणि फीड वाचणे म्हणजे गुगल रीडर असे समीकरण झाले. फुकट, वेगवान आणि शोधाची सोय उत्तम. त्याच्यापुढे पैसे घेणारी साधने टिकेनात. मग १३ मार्च २०१३ रोजी गुगलने ते बंद करत असल्याचे सांगितले आणि १ जुलैला ते खरोखर बंद झाले. फीड मेले असे त्या वेळी अनेकांनी लिहिले. फीड मेले नव्हते, ते वाचण्याची सवय मोडली होती. घोषणेनंतर ४८ तासांतच फीडली या दुसऱ्या फीड रीडरकडे पाच लाख लोक गेले. बल्गेरियातले इनोरीडर त्याच वर्षी उभे राहिले. पण ज्यांनी दुसरे फीड रीडर घेतले नाही ते फेसबुक आणि ट्विटरवर गेले, आणि वाचनाचा क्रम दुसऱ्याच्या हाती सोपवून बसले.

आज निवड करायची तर पर्याय पुरेसे आहेत. फीडली आणि इनोरीडर दोन्हींची फुकट आवृत्ती व्यक्तिगत वाचकाला पुरते. फरक पुढे जाणवतो. फीडलीने गेल्या काही वर्षांत आपले लक्ष कंपन्यांकडे वळवले आहे. सायबर धोक्यांवर नजर ठेवणारे आणि बाजाराची माहिती गोळा करणारे विभाग हे तिचे महत्त्वाचे गिऱ्हाईक झाले आहेत. म्हणजे पार्सलीने जी वाट धरली तशीच वाट थोड्या उशिरा तिनेही धरली. इनोरीडरमध्ये नियम आणि गाळण्या लावण्याची सोय जास्त बारकाईची आहे, म्हणून बातमीच्या कामाला मला ते अधिक सोयीचे वाटते. मॅक आणि आयफोन वापरणाऱ्यांसाठी ब्रेंट सिमन्स यांचे नेटन्यूजवायर आहे. २००२पासूनचे हे सॉफ्टवेअर मध्ये दोन कंपन्यांच्या हातून फिरून २०१८मध्ये मूळ कर्त्याकडे परतले आणि आता ते मुक्त आणि मोफत आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस आहे त्यांनी फ्रेशआरएसएस किंवा मिनिफ्लक्स बसवावे. मग मालकाने दुकान बंद केले तरी आपले काम थांबत नाही. आणि ज्या कार्यालयात ई-मेलसाठी थंडरबर्ड आधीच चालते त्यांना नवे काही घेण्याची गरजच नाही, त्यात फीड वाचता येतात.

डेलीहंट, गुगल न्यूज, इनशॉर्ट्स ही ॲपही बातम्या वाचण्याची साधने म्हणूनच ओळखली जातात, पण ती जात वेगळी. २००९मध्ये न्यूजहंट म्हणून सुरू झालेल्या डेलीहंटने मराठीसह अनेक भारतीय भाषांतला मजकूर साध्या फोनपर्यंत नेला, हे त्याचे मोठे काम आहे. मात्र तेथे निवड यंत्र करते, आणि वाचकाने कशावर बोट ठेवले त्यावरून पुढची निवड ठरते. सामान्य वाचकाला हे सोयीचे असेलही. बातमीदाराला ते घातक आहे. आपण जे पाहतो तेच आणखी दाखवणारे साधन, आपल्याला माहीत नसलेले कधी दाखवणार? इन्स्टाग्रामच्या दोन्ही संस्थापकांनी २०२३च्या सुरुवातीला आर्टिफॅक्ट नावाचे असेच हुशार वाचन-ॲप काढले होते. वर्षभरातच त्यांनी ते आवरते घेतले.

आता मराठीतल्या खऱ्या अडचणीकडे येऊ. फीड रीडरची ताकद गाळणीत आहे. दिवसाला हजार मथळे येत असतील तर त्यांतले आपल्या जिल्ह्याचे, आपल्या पिकाचे, आपल्या धरणाचे तेवढे बाजूला काढता आले पाहिजेत. इंग्रजीत हे काम एका शब्दाने होते. मराठीत होत नाही, कारण विभक्ती लागताना आपला शब्द आतून बदलतो. गाळणीत ‘कोल्हापूर’ घातले तर ‘कोल्हापुरात अतिवृष्टी’ हा मथळा निसटतो, कारण तेथे पू ऱ्हस्व झाला. ‘ऊस’ घातले तर ‘उसाला पहिली उचल’ दिसत नाही. ‘पाऊस’ घातल्याने ‘पावसाने दडी मारली’ सापडत नाही आणि ‘कापूस’ घातल्याने ‘कापसाचे भाव’ हाती लागत नाहीत. उपाय म्हणून शब्दाचा न बदलणारा तुकडा घालावा, ‘कोल्हाप’ किंवा ‘कापस’ असा, आणि तो मूळ शब्दाच्या जोडीला ठेवावा. पण हा उपाय सगळीकडे चालत नाही. ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याचा’ हे सारे पकडायला ‘पुण्य’ घातले की रोज कोणाची ना कोणाची पुण्यतिथी येऊन पडते. तेथे रूपे एकेक करून लिहावी लागतात. ठाण्याचे तर आणखी अवघड, कारण ‘ठाणे’ म्हटले की राज्यातले प्रत्येक पोलीस ठाणे हजर होते.

याहून एक लपलेली अडचण आहे. ‘शेतकऱ्यांना’, ‘साताऱ्यात’, ‘वाऱ्याचा’ यांतला जो आडवा रफार आहे तो संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. सॉफ्टवेअरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यातच ते न दिसणारे जोडचिन्ह एखाद्या प्रणालीत गळून पडले की ‘शेतकर्यांना’ असे तिसरेच रूप तयार होते, आणि ते तर डोळ्यांनाही खुपते. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या बातमीवर नजर ठेवणाऱ्या माणसाची गाळणी शेतकऱ्यांवरच अडावी, ही मला खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. सध्याचा मार्ग एवढाच, की दोन वेगवेगळ्या वृत्तसंकेतस्थळांवरून हा शब्द उचलून दोन्ही रूपे गाळणीत चिकटवायची. कोणत्याही साधनाचे पैसे भरण्याआधी ही परीक्षा जरूर घ्यावी. मराठी चालते असे जाहिरातीत लिहिलेले असते तेव्हा मराठी अक्षरे दिसतात एवढाच त्याचा अर्थ असतो.

फीड कोठली घ्यावीत? बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाले, त्याचे फीड आहे. पत्र सूचना कार्यालयाची, म्हणजे पीआयबीची, निवेदने मराठीतही निघतात आणि त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर फीडची सोय आहे. वर्डप्रेसवर उभे असलेले कोणतेही मराठी पोर्टल घ्या, मालकाने मुद्दाम बंद केले नसेल तर पत्त्याच्या शेवटी ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत जोडला की यादी उघडते. पुष्कळ संपादकांना आपल्याच संकेतस्थळाला फीड आहे हे ठाऊक नसते. अडचण सरकारी पानांची आहे. शासन निर्णय विभागवार पीडीएफच्या रूपात चढवले जातात, महापालिकांच्या निविदा कोठल्यातरी कोपऱ्यात लागतात, जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश एखाद्या तक्त्यात एक ओळ वाढवून प्रसिद्ध होतात. अशा पानांसाठी पानातला बदल टिपणारी साधने वापरावीत. चेंजडिटेक्शन हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, डिस्टिल आणि व्हिज्युअलपिंग या सेवा आहेत, आणि इनोरीडरच्या पैसे घेणाऱ्या आवृत्तीतही ही सोय मिळते. तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्याला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही असे माझे ठाम मत आहे. निविदेची मुदत तीन वेळा वाढवली गेली, हे त्या पानाकडे रोज पाहणाऱ्यालाच कळते.

मोजणीकडे वळण्याआधी थोडे मागे जायला हवे. छापील वर्तमानपत्रांनाही मोजणी नवी नाही. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स भारतात १९४८पासून खप तपासून प्रमाणित करत आले आहे. पण तो आकडा अख्ख्या अंकाचा असे. पान चारवरची बातमी किती जणांनी वाचली हे कोणालाच कळत नसे, आणि त्यामुळे पान चारवर कमी वाचली जाणारी पण गरजेची बातमी निर्धास्त राहत असे. डिजिटल मोजणीने अंक फोडला आणि प्रत्येक बातमीला तिचा स्वतंत्र आकडा चिकटवला. सगळा बदल येथून सुरू होतो.

गुगलने २००५च्या एप्रिलमध्ये अर्चिन नावाची कंपनी घेतली आणि नोव्हेंबरात गुगल ॲनालिटिक्स फुकट खुले केले. जगभरच्या वृत्तसंकेतस्थळांनी ते बसवले. ते बातमीसाठी बनलेले नव्हते, दुकानासाठी बनलेले होते. जुन्या पद्धतीत एका पानावर घालवलेला वेळ कसा काढत, ते पाहण्यासारखे आहे. वाचकाने पहिले पान उघडले ती वेळ आणि दुसरे पान उघडले ती वेळ, यांची वजाबाकी. दुसरे पान उघडलेच नाही तर वजाबाकीला काही नाही, म्हणून वेळ शून्य. व्हॉट्सॲपवर आलेला दुवा उघडून एखाद्याने दुष्काळावरचा दोन हजार शब्दांचा लेख शेवटपर्यंत वाचला आणि फोन खिशात ठेवला, तर नोंद होत असे शून्य सेकंद, वाचक परत फिरला. अशा आकड्यांवरून दीर्घ लेख कोणी वाचत नाही असे निष्कर्ष काढले गेले आणि पुरवण्यांतले लेख आखूड झाले. १ जुलै २०२३ला ती जुनी पद्धत बंद झाली आणि तिची जागा ॲनालिटिक्स ४ने घेतली. त्यात दहा सेकंदांहून जास्त थांबलेली, किंवा दोन पाने पाहिलेली, किंवा ठरवून दिलेली एखादी कृती झालेली भेट ‘गुंतलेली’ धरतात. हे आधीपेक्षा बरे आहे, पण दहा सेकंदांत मराठीतला एक मथळा आणि फार तर पहिला परिच्छेद वाचून होतो.

खास प्रकाशकांसाठी निघालेल्या साधनांनी येथे खरी भर घातली. २००९मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या चार्टबीटने पान उघडे असणे आणि वाचक त्यावर असणे यांत फरक केला. पान सरकते आहे का, बोट किंवा कळ हलते आहे का, याचा कानोसा घेत ते प्रत्यक्ष वाचनाचा वेळ मोजते. तेव्हाचे तिचे प्रमुख टोनी हेल यांनी २०१४मध्ये लिहिले होते की पान उघडणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक त्यावर १५ सेकंदांहून कमी वेळ क्रियाशील असतात. पाने किती उघडली यावर जाहिरातीचे दर ठरवणाऱ्या धंद्याला हा आकडा अडचणीचा होता. ब्रिटनच्या गार्डियनने तर विकत न घेता स्वतःचे ओफान हे साधन घरातच बांधले. त्याचा वापर मला अनुकरणीय वाटतो. चांगली बातमी मुखपृष्ठावर न लागल्यामुळे, दुवे न दिल्यामुळे किंवा मथळा फसल्यामुळे पडून राहिली आहे का, हे पाहून तिला पुन्हा पुढे आणण्यासाठी संपादक ते वापरतात. आकड्याने बातमीची निवड ठरवण्यापेक्षा तिचा पोहोचण्याचा मार्ग दुरुस्त करणे, हे मोजणीचे सर्वांत चांगले काम.

मराठी प्रकाशकाला या साधनांत जे खटकते ते वेगळेच. बातमीचा पत्ता देवनागरीत ठेवला असेल, तर अहवालात तो अनेकदा टक्क्याची चिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे यांच्या लांबलचक माळेसारखा दिसतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन खुणांनी लिहिली जाते. ‘मराठी’ हा पाच चिन्हांचा शब्द अशाने ४५ खुणांचा होतो. पन्नास बातम्यांच्या तक्त्यात कोणती बातमी कोणती हे मग ओळखू येत नाही. यावर उपाय सोपा आहे, अहवाल पत्त्याऐवजी पानाच्या शीर्षकानुसार लावायचा. हे कोणी सांगत नाही म्हणून कित्येक कार्यालयांत तो अहवाल उघडलाच जात नाही.

दुसरी उणीव मोठी आहे. अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२मध्ये अटलांटिक मासिकात दाखवून दिले की लोक एकमेकांना खासगीत दुवे पाठवतात तेव्हा मोजणीला त्यांचा माग लागत नाही, आणि अशा भेटी ‘थेट’ आल्या म्हणून नोंदल्या जातात. आपल्याकडे व्हॉट्सॲपचे साम्राज्य पाहता हा अंधारा भाग किती मोठा असेल याची कल्पना करा. त्यात पुष्कळदा दुवाही नसतो. ई-पेपरचे कात्रण चित्र म्हणून फिरते, अख्खा अंक पीडीएफ होऊन गावाच्या ग्रुपवर पहाटेच पडतो. ती बातमी सरपंचापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांनी वाचलेली असते, चावडीवर तिच्यावर चर्चा झालेली असते, आणि तक्त्यात तिच्यासमोर आकडा असतो चाळीस. त्या चाळीसवरून कोणी ठरवले की या विषयात रस नाही, तर तो निर्णय सपशेल चुकीचा.

आकडा देणाराच चुकतो तेव्हा काय होते हे २०१६मध्ये दिसले. व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ काढताना तीन सेकंदांहून कमी पाहणाऱ्यांना हिशेबातून वगळले जात होते आणि त्यामुळे तो वेळ फुगलेला दिसत होता, अशी कबुली त्या वर्षी फेसबुकने दिली. तोपर्यंत वाचकाला मजकूर नको, व्हिडिओ हवा, हे वाक्य अनेक वृत्तसंस्थांच्या बैठकांत ब्रह्मवाक्य झाले होते. लिहिणारी माणसे कमी करून व्हिडिओची भरती करण्याची लाट त्यानंतरही काही काळ चालूच राहिली.

या साधनांचा माणसांवर होणारा परिणाम दोन अभ्यासकांनी जवळून पाहिला आहे. केटलिन पीटर यांनी चार्टबीट, गॉकर आणि न्यूयॉर्क टाइम्स यांच्या आत बसून निरीक्षण केले. गॉकरच्या कार्यालयात सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या मजकुराचा फलक भिंतीवर होता. न्यूयॉर्क टाइम्समध्ये मात्र त्या काळी आकडे पाहण्याची मुभा मुख्यतः संपादकांपुरती होती, बातमीदारांना ती सहसा नसे. अँजेल क्रिस्टीन यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिसमधल्या दोन डिजिटल वृत्तकक्षांची तुलना २०२०च्या आपल्या पुस्तकात केली. साधन तेच, आकडे तसेच, पण त्यांचा अर्थ लावण्याची रीत दोन शहरांत वेगळी निघाली. यातून मला मिळालेला धडा असा की कोणते साधन घेतले याच्याइतकेच ते कोणाच्या पडद्यावर, कोणत्या वेळी उघडे असते, हेही महत्त्वाचे आहे. नव्याने लागलेल्या बातमीदाराच्या समोर दिवसभर हलता आकडा ठेवू नये. तो आठवड्यातून एकदा, बैठकीत, चर्चेसह दाखवावा.

आता माझा मुख्य मुद्दा. मोजणीच्या तक्त्यात एक ओळ कधीच नसते, ती म्हणजे सुटलेल्या बातमीची. डेस्कवर ‘बातमी सुटली’ या दोन शब्दांइतके झोंबणारे दुसरे काही नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या धरणाचे दरवाजे उघडायचे ठरले, आपल्या तालुक्यातल्या शाळा बंद करण्याचा निर्णय निघाला, आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या अंकात कळले. त्या दिवशीही आपला तक्ता हिरवाच असतो, कारण आपण जे लावले ते लोकांनी वाचलेले असते. जे लावलेच नाही त्याला वाचक किती मिळाले असते, हे जगातले कोणतेही मोजणी-साधन सांगू शकत नाही. पूर्वी सकाळी सगळी वर्तमानपत्रे पुढ्यात घेऊन, लाल पेनाने खुणा करत वाचण्याची शिस्त उपसंपादकांना होती. बातमी सुटू नये म्हणूनच ती होती. डिजिटल कार्यालयांत ती शिस्त गेली, तिच्या जागी काही आले नाही, आणि रिकाम्या जागेत मोजणीचा पडदा लागला. पडद्यावर दिसते तेच मग पुन्हा लिहिले जाते, आणि दहा पोर्टलांवर एकाच अभिनेत्रीच्या एकाच फोटोच्या दहा बातम्या येतात.

तरीही मोजणी टाकून द्या असे मी म्हणणार नाही. काय मोजायचे ते बदलावे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता शाळेने २०१९मध्ये शिकागो ट्रिब्यून, इंडियानापोलिस स्टार आणि सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल यांच्या वाचकांची माहिती तपासली. वर्गणीदार टिकतो की जातो याचा सर्वांत चांगला अंदाज त्याच्या वाचनाच्या नियमितपणावरून येतो, पाहिलेल्या पानांच्या संख्येवरून नाही, असे त्यांना आढळले. फायनान्शियल टाइम्सही शेवटची भेट किती अलीकडची, भेटी किती वेळा आणि वाचन किती, या तिन्हींची सांगड घालून वाचक जोखते. मराठी पोर्टलाने तेवढे एक बघितले तरी पुरे, गेल्या महिन्यात आलेल्यांपैकी किती जण या महिन्यात परत आले. हा आकडा फुकटच्या ॲनालिटिक्समधूनही काढता येतो.

निवड करताना मालकीचा आणि खासगीपणाचा विचार टाळता येणार नाही. सोशल मीडियावर कोणती बातमी पसरते आहे ते दाखवणारे क्राउडटँगल फेसबुकने २०१६मध्ये घेतले आणि १४ ऑगस्ट २०२४ला बंद केले. २०२१मध्ये गुगलने फीडबर्नरची ई-मेल सेवा काढून घेतली, तेव्हा त्यावर विसंबलेल्या अनेक ब्लॉगलेखकांचे वर्गणीदार वाऱ्यावर गेले. म्हणून वाचनाच्या साधनातून फीडची यादी ओपीएमएल या साच्यात बाहेर काढता येते ना, आणि मोजणीच्या साधनातून जुने आकडे उतरवून ठेवता येतात ना, हे पहिल्याच दिवशी करून पाहावे. वाचकांची माहिती परक्या कंपनीकडे जाऊ नये असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मॅटोमो आहे, पूर्वीचे पिविक. ते आपल्या सर्व्हरवर बसवता येते. प्लॉझिबल आणि उमामी कुकी न वापरता मोजतात. २०२२मध्ये ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या नियामकांनी गुगल ॲनालिटिक्सच्या वापरावर ठपका ठेवला होता. आपल्याकडेही ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आहे. वाचकाची संमती हा विषय मराठी प्रकाशकाने आतापासून गंभीरपणे घ्यावा.

मग कोणी काय घ्यावे? नुसत्या वाचकाला, मग तो साताऱ्यात निवृत्त झालेला शिक्षक असो की न्यू जर्सीत बसून महाराष्ट्राच्या बातम्या वाचणारा अभियंता, फीड रीडरच पुरे. फुकटची आवृत्ती घ्यावी, वीस-पंचवीस फीड भरावीत, आणि महिन्याने जे वाचले जात नाही ते काढावे. तीन-चार माणसांच्या जिल्हा पोर्टलाने पैसे खर्च करायचे तर वाचनाच्या साधनावर आणि पानबदल टिपणाऱ्या सेवेवर करावेत. मोजणीसाठी फुकटचे ॲनालिटिक्स आणि गुगलचे सर्च कन्सोल, तेही आठवड्यातून एकदा. क्षणाक्षणाला आकडा दाखवणारे महागडे साधन अशा कार्यालयाने घेऊच नये, कारण तो आकडा पाहून तातडीने काही बदलायला तेथे माणूसच मोकळा नसतो. चार्टबीट किंवा पार्सली मोठ्या दैनिकांच्या डिजिटल विभागाला शोभतात. तेथे मुखपृष्ठ हलवणारा स्वतंत्र माणूस असतो. पण त्या दैनिकांनीही प्रत्येक विभागाला एक सामायिक फीड-फलक द्यावा, आणि सकाळच्या बैठकीत आधी तो उघडावा, काल काय चालले याचा तक्ता नंतर.

दोन्ही साधनांची गाठ पडते ती आपल्या स्वतःच्या फीडपाशी. पुष्कळ मराठी संकेतस्थळांनी ते बंद केले आहे किंवा त्यात दोन ओळींचा तुकडा ठेवला आहे, कारण फीडमधून वाचणारा मोजणीत दिसत नाही. मोजणीची आज्ञावली पानावर चालते, फीडमध्ये नाही, त्यामुळे तेथे तो दिसत नाही हे खरे. पण फीडली आणि तिच्यासारख्या काही सेवा आपले फीड न्यायला येतात तेव्हा सर्व्हरच्या नोंदवहीत स्वतःच्या नावापुढे आपले किती वर्गणीदार आहेत तो आकडा लिहून जातात. तो कोणत्याही पैसे घेणाऱ्या तक्त्यात नसतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगून गेल्या महिन्याची नोंदवही मागवावी आणि त्यात फीडलीचे नाव शोधावे. फीड ठेवायचे की काढायचे, याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.